लेव्हल आहेत, एक्सपी आहे, तरी गेम आरपीजी का वाटत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. शिवकाळातल्या एका हेरावर तुम्ही एकट्याने गेम बनवताय, साधारण सहा तासांचा. त्यात २० लेव्हल आहेत, शत्रू मारला की एक्सपी (अनुभवाचे गुण) मिळतो, तलवार आणि खंजीर मिळून ३० अपग्रेड आहेत, पेटाऱ्यांतून लूट निघते. तरीही खेळून पाहिलेल्या दोघांनी सांगितलं की हा आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिका निभावण्याचा खेळ) नाही, अ‍ॅक्शन गेम आहे. त्यावर तुम्ही विचारता की मग ‘द विचर ३’ मध्ये तरी वेगळं काय आहे, तिथे तर नायकसुद्धा आधीच ठरलेला. आरपीजी नेमकं कशाला म्हणायचं आणि स्टीम या ऑनलाइन गेमदुकानात तो टॅग (गेमचा प्रकार सांगणारी चिठ्ठी) लावायचा की नाही, हे तुम्हाला हवंय.

मला त्या दोघांचं म्हणणं पटतं. तुमच्या हेराला काय काय करता येतं याची यादी लांबलचक आहे, पण त्याला काय जमत नाही याची यादी रिकामी आहे. पुरेसा वेळ खेळलं की प्रत्येकाचा हेर सारखाच होतो आणि प्रत्येक प्रसंगाचा निकाल खेळाडूच्या बोटांवर लागतो. आरपीजीत पात्राच्या कागदाला, म्हणजे कॅरेक्टर शीटला, निकाल देण्याचा अधिकार असतो. तो कागद कधी कधी ‘हे तुला जमणार नाही’ असं सांगतो, खेळाडूला ते मानावं लागतं, आणि पुढे गेमचं जगही त्या पात्राला त्याच्या कागदाप्रमाणे वागवतं. मी कुठलाही गेम तपासताना सगळ्यात आधी हे बघतो. यात परंपरेचा आणि सवयीचा भागही बराच आहे, त्याबद्दल पुढे बोलतो. तुमच्या गेमची दुरुस्ती मात्र या एका मुद्द्यापाशी सुरू होते.

लेव्हल आणि एक्सपी हीच ओळखखूण का मानली जाते, याला इतिहास आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला तेव्हा त्याच्या पुस्तिकेवर ‘वॉरगेम’ असाच शब्द होता. रोल-प्लेइंग हे नाव नंतर रूढ झालं. टेबलाभोवती खेळताना दोन गोष्टी एकत्र काम करायच्या, कागदावरचे आकडे आणि समोर बसलेला पंच, ज्याला डंजन मास्टर म्हणतात. खेळाडू म्हणाला की मी पहारेकऱ्याला लाच देतो, तर पंच क्षणभर विचार करायचा, कुठला आकडा लागू होतो ते ठरवायचा आणि फासा टाकायला सांगायचा. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, इलिनॉय विद्यापीठात उभ्या राहिलेल्या प्लेटो या संगणकजाळ्यावर या खेळाच्या नकला निघाल्या. संगणकाला आकडे लगेच जमले, पंच जमला नाही. १९८१ मधल्या ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ यांच्यातही मोजता येणारा भाग पुढे आला आणि लोकांनी तोच आरपीजीचा गाभा धरला.

मग बाकीच्या गेमनी तो भाग उचलला, कारण तो उचलायला सगळ्यात सोपा आहे. २००७ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ मध्ये ऑनलाइन खेळताना एक्सपी मिळतो, ५५ पर्यंत लेव्हल जातात, पर्क (पात्राला जोडायच्या खास क्षमता) निवडता येतात. २००४ च्या ‘जीटीए सॅन अँड्रियास’ मध्ये नायक जिममध्ये गेला तर त्याचे स्नायू वाढतात, खात सुटला तर चरबी वाढते, गाडी चालवून चालवून ड्रायव्हिंगचा आकडा वर जातो. या दोघांना कुणी आरपीजी म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. आकडे आहेत, पण महत्त्वाच्या क्षणी नेम लागतो तो खेळाडूचा. तुमच्या गेमची जात सध्या हीच आहे.

आता कागदाचा अधिकार म्हणजे काय, ते कुलपाच्या उदाहरणाने पाहू. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत २० बाजूंचा फासा टाकून त्यात पात्राचा आकडा मिळवतात आणि बेरीज कुलपाच्या कठीणतेइतकी किंवा त्याहून जास्त आली तर कुलूप उघडतं. कठीणता १५ धरा. ज्याचं हस्तलाघव ८ आहे त्याला उणे १ मिळतो, म्हणजे फाशावर १६ ते २० यांपैकी काहीतरी पडायला हवं. शक्यता २५ टक्के. ज्याचं हस्तलाघव १६ आहे त्याला अधिक ३, शिवाय कुलूप उघडण्याचं प्रशिक्षण असेल तर सुरुवातीच्या लेव्हलला आणखी २. त्याला १० किंवा वर पुरतं, शक्यता ५५ टक्के. खेळाडू एकच, कुलूप एकच, तरी निकाल वेगळा, कारण कागद वेगळा.

याच कुलपाची व्हिडिओ गेममधली दोन रूपं शेजारी ठेवली की फरक स्पष्ट दिसतो. ‘फॉलआउट ३’ मध्ये मधल्या दर्जाच्या कुलपाला ५० स्किल लागतं. ४९ असेल तर गेम हातच लावू देत नाही. ‘स्कायरिम’मध्ये स्किल कितीही कमी असलं तरी सगळ्यात अवघड कुलपावर प्रयत्न करता येतो, आणि ज्याचा हात हलका आहे तो कुलूप उघडायच्या पुरेशा काड्या मोडून ते उघडतोच. तिथे स्किल काम हलकं करतं, निकाल देत नाही. दोन्ही गेम आरपीजी म्हणूनच विकले गेले, पण कुलपापुरता पहिला आरपीजी आहे आणि दुसरा कौशल्याचा खेळ आहे. एकाच गेममध्ये एक यंत्रणा आरपीजीची आणि दुसरी अ‍ॅक्शनची असू शकते. म्हणून मी ‘हा गेम आरपीजी आहे का’ असं विचारण्याऐवजी ‘यातले कुठले निकाल कागद देतो’ असं विचारतो. त्यातून मोजता येईल असं उत्तर मिळतं.

हा अधिकार कागदाला द्यायचं ठरवलं तरी तो नकळत काढून घेतला जातो. असं चार प्रकारे होतं, आणि एकट्याने काम करणारा माणूस चारही चुका करू शकतो, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिली चूक, हात आणि फासा एकाच कृतीत मिसळणं. २००२ च्या ‘मॉरोविंड’मध्ये खेळाडू स्वतः तलवार फिरवतो, ती शत्रूच्या अंगातून जाताना डोळ्यांना दिसते, आणि मागे गेम फासा टाकून वार चुकला असं ठरवतो. कागदाच्या दृष्टीने ते अगदी योग्य आहे, नवशिक्याचा वार चुकणारच. पण डोळ्यांना लागलेला वार न लागणं हे खेळाडूला फसवणूक वाटतं. २००० च्या ‘डेअस एक्स’ने याला चांगलं उत्तर काढलं. बंदुकीचं स्किल कमी असेल तर नेमाचं वर्तुळ मोठं राहतं आणि सावकाश लहान होतं. स्किल वाढलं की ते झटकन आवळतं. गोळी जिथे दिसते तिथेच लागते, तरी पात्राचा कच्चेपणा हाताला जाणवतो. तुमच्या गेममध्ये तलवारबाजी खेळाडूच्या हातात आहे, ती तशीच ठेवा. कागदाचा अधिकार वाराच्या आधी आणा, जसं की हत्यार उपसायला लागणारा वेळ, दम किती टिकतो, किंवा ढालीवरचा वार पेलता येतो की नाही. वार लागला की नाही यात फासा आणू नका.

दुसरी चूक म्हणजे सेव्ह आणि लोड, म्हणजे खेळ जतन करून ठेवायचा आणि हरलं की तिथूनच पुन्हा सुरू करायचा. वरच्या २५ टक्केवाल्या पात्राने कुलपापुढे सेव्ह केलं आणि चार वेळा प्रयत्न केला, तर निदान एकदा यश मिळण्याची शक्यता ६८ टक्क्यांवर जाते. म्हणजे प्रशिक्षित पात्राच्या एका प्रयत्नापेक्षा जास्त. कागदाची किंमत तिथेच संपली. यावर दोन उपाय आहेत. एक, फासा काढून सरळ उंबरठा ठेवायचा. ‘फॉलआउट ३’ मध्ये बोलून पटवण्याला टक्केवारी होती, लोक लोड करत बसायचे. २०१० च्या ‘न्यू व्हेगास’ने तिथे ठरलेला आकडा ठेवला, तो संवादातच दाखवला, आणि आकडा कमी पडत असेल तर वाक्यही अडखळतं, बावळट लिहिलं. खेळाडूला आपलं पात्र कुठे कमी पडतंय ते समोर वाचायला मिळतं.

दुसरा उपाय २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’चा. त्यात २४ स्किल आहेत आणि सहा बाजूंचे दोन फासे. पांढरी चाचणी हरलात तर ती बंद होते आणि ते स्किल वाढवल्यावर पुन्हा उघडते. लाल चाचणी एकदाच मिळते. शिवाय हरल्यावर मिळणारा प्रसंग बऱ्याचदा जिंकल्याइतकाच रंगतदार लिहिलेला आहे, त्यामुळे लोड करायचा मोहच कमी होतो. फासे ठेवणार असाल तर हेही ध्यानात घ्या की २० बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक अधिक १ ची किंमत सारखीच, ५ टक्के असते. दोन फाशांवर तसं नसतं. ९ लागत असतील तर शक्यता २८ टक्के, ७ लागत असतील तर ५८ टक्के, पण १२ वरून ११ वर आलात तर जेमतेम ३ चे ८ टक्के होतात. म्हणून दोन फाशांत पात्राचे लहान आकडेही मधल्या पट्ट्यात मोठा फरक पाडतात. लहान गेमला ते सोयीचं पडतं.

तिसरी चूक, जगाला खेळाडूबरोबर वाढवत नेणं. तुम्ही लिहिलंय की शत्रूंची ताकद खेळाडूच्या लेव्हलनुसार वाढते. हिशोब करून बघा. पहिल्या लेव्हलला वार २० चा आणि शत्रूची हेल्थ १०० असेल तर पाच वार लागतात. दोन्ही दर लेव्हलला १० टक्क्यांनी वाढले तर दहाव्या लेव्हलला वार ४७ चा, हेल्थ २३६, आणि वार पुन्हा पाचच. खेळाडूने नऊ लेव्हल कमावल्या आणि हातात काही पडलं नाही. २००६ च्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये हे टोकाला गेलं होतं. खेळाडू वर चढला की रस्त्यावरचे साधे दरोडेखोरही महागडी चिलखतं घालून फिरू लागायचे, आणि ज्याने बोलणं किंवा व्यापार अशी स्किल वाढवून लेव्हल मिळवली तो लढाईत आधीपेक्षा दुबळा पडायचा. ठिकाणांची ताकद ठरवून टाका. बालेकिल्ल्याचा पहारा कडक, माचीवरचा ढिला. खेळाडू लवकर बालेकिल्ल्यावर गेला आणि मार खाऊन परत आला तर ते चांगलंच आहे, पंधराव्या लेव्हलला तिथे परत गेल्यावर त्याला स्वतःची वाढ कळेल.

चौथी चूक मला सगळ्यात जास्त खटकते, शेवटी सगळं सगळ्यांना मिळणं. ३० अपग्रेड आणि ३० ही विकत घेता येतील इतके गुण असतील, तर खेळाडू फक्त क्रम निवडतो. ‘स्कायरिम’मध्ये एकच पात्र लढवय्यांच्या संघाचं प्रमुख होतं, जादूच्या महाविद्यालयाचं कुलगुरू होतं आणि चोरांचाही म्होरक्या होतं, आणि ते महाविद्यालय जेमतेम एखाददोन मंत्रांवर पार पडतं. ‘मॉरोविंड’मध्ये तीन घराण्यांपैकी एकच निवडता येतं, आणि कुठल्याही संघात बढती हवी तर त्या संघाला लागणारी स्किल खरोखर अंगी असावी लागतात. ‘स्कायरिम’ जास्त लोकांनी खेळला, त्याचं जग सुंदर आहे, तरी भूमिकेच्या बाबतीत मी ‘मॉरोविंड’ला वरचं स्थान देतो.

एवढं झालं तरी अर्धंच काम होतं. कागदाने ‘नाही’ म्हटलं ते जगालाही माहीत असावं लागतं. १९८५ च्या ‘अल्टिमा ४’ मध्ये सुरुवातीला भविष्य सांगणारी बाई नैतिक पेच घालते आणि उत्तरांवरून पात्राचा वर्ग ठरतो. पुढे जडीबुटी विकणाऱ्या आंधळ्या बाईला कमी पैसे दिले तर गेम तेव्हा काही बोलत नाही, पण तुमचा प्रामाणिकपणा कमी झाल्याची नोंद ठेवतो आणि नंतर वाट अडवतो. १९९७ च्या ‘फॉलआउट’मध्ये सात गुण असतात, प्रत्येक ५ पासून सुरू, वर ५ जादा, म्हणजे एकूण ४०. बुद्धी ३ किंवा त्याखाली ठेवली तर नायकाला धड वाक्य बोलता येत नाही आणि लोकही त्याच्याशी तसंच बोलतात. त्याच गेमचा शेवटचा शत्रू, मास्टर, याला बंदुकीने मारता येतं, किंवा त्याची उत्परिवर्तित प्रजा वांझ आहे याचा पुरावा पुढे ठेवून आपली योजना व्यर्थ आहे हे त्याला पटवता येतं, आणि मग तो स्वतःच सगळं संपवतो. एका पात्रासाठी शेवट लढाईत होतो, दुसऱ्यासाठी संभाषणात. टेबलावरचा जो पंच संगणकाला जमला नव्हता, त्याचं काम इथे लेखकांनी आधीच बसून करून ठेवलं आहे.

आता ‘विचर’चा मुद्दा. त्याचा नायक गेराल्ट ठरलेला आहे हे खरं. पण भूमिका म्हणजे कोरी पाटी असावीच असं नाही. तळकोकणात आणि गोव्यात दशावतार पाहिला असेल तर आठवा: संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचतो, आख्यान आणि पात्र मात्र ठरलेलं. तरी दोन नटांचा भीम दोन तऱ्हेचा उभा राहतो. गेराल्टचं तसंच आहे. टेकडीवरच्या झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याला सोडायचं की मारायचं, हा निर्णय घेतला की दलदलीतली अनाथ मुलं, शेजारचं गाव, बॅरन आणि त्याची बायको या सगळ्यांचं पुढचं आयुष्य बदलतं, आणि तो निर्णय घेताना खेळाडूला परिणाम पुरते माहीत नसतात. शिवाय अ‍ॅक्सी हा मन वळवणारा मंत्र वाढवला तरच काही संवाद उघडतात, म्हणजे कागदालाही तिथे तोंड आहे. लढाई बरीचशी हातांची आहे. म्हणून मी त्याला अ‍ॅक्शन आरपीजी म्हणतो आणि त्यात मला अडचण दिसत नाही.

इथून पुढे परंपरेचा भाग. जपानी शाखा वेगळ्या दिशेने गेली. युजी होरी यांनी ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ यांतून घेऊन १९८६ मध्ये ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला. त्यात एकच नायक, कथा सरळ, खेळाडूला कोण व्हायचं हे निवडायला जवळजवळ वावच नाही. पण लढाई संपूर्ण कागदाची आहे, आज्ञा द्यायची आणि आकडे निकाल देतात. पुढच्या वर्षीच्या ‘फायनल फँटसी’त सहा वर्गांतून चार जण निवडायचे, तेवढी निवड वाढली. मी हे दोन्ही आरपीजी मानतो, कारण कागदाचा अधिकार पुरेपूर आहे, जग मात्र पात्राला जेमतेमच ओळखतं. ‘डियाब्लो’चंही साधारण हेच, फक्त घाईच्या रूपात. ‘डार्क सोल्स’ मला सीमेवरचा वाटतो. कसलेला खेळाडू पहिल्याच लेव्हलवर तो पूर्ण करतो, म्हणजे हात कागदाच्या वर आहे. पण अंगावरचं ओझं क्षमतेच्या २५ टक्क्यांच्या आत, ५० च्या आत की वर, यावर पात्र किती चपळ लोळण घेतं ते ठरतं, आणि ठरावीक ताकद नसेल तर हत्यार नीट पेलत नाही. जिंकायचं की नाही ते हात ठरवतो, कसं लढायचं ते कागद.

बाकीच्या सीमा पटकन सांगतो. ‘एक्सकॉम’मध्ये नेम लागण्याची टक्केवारी सैनिकाच्या कागदावर ठरते, पण खेळाडू सेनापती असतो आणि सैनिक सोंगट्या, म्हणून तो डावपेचांचा खेळ. २०१२ च्या ‘द वॉकिंग डेड’मध्ये निवडी भरपूर, कागदच नाही, म्हणून ती संवादी कथा. ‘झेल्डा’मध्ये अवजारं आणि हृदयं वाढतात, पण ती जवळपास सगळ्यांना त्याच क्रमाने मिळतात. पुण्यात बनलेला २०२० चा ‘राजी’ घ्या: शस्त्रं बदलतात, त्यांना शक्ती जोडता येतात, पण राजी प्रत्येक खेळाडूसाठी तीच मुलगी राहते. त्याच्या निर्मात्यांनीही तो अ‍ॅक्शन-अ‍ॅडव्हेंचर म्हणूनच आणला. तुमचा गेम आज याच पंगतीत बसतो आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. तुम्हाला अ‍ॅक्शन गेमच हवा असेल तर लेव्हल २० वरून ८ करा, टॅग बदला आणि पुढे जा.

पण तुमचा नायक हेर आहे. वासुदेव, गोंधळी, फकीर, तेली, अशी सोंगं घेऊन शत्रूच्या गोटात शिरणारा माणूस म्हणजे भूमिकेच्या खेळाला हाताशी आलेला विषय, आणि तुम्ही त्याच्या हातात फक्त खंजीर दिलाय याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आरपीजीच करायचा असेल तर काय करावं ते सांगतो.

आधी कागदावर तपासणी करा, कोडला हात लावू नका. तीन हेर लिहा: एक वेषांतरात मुरलेला, एक कडे चढणारा, एक फारसी आणि दख्खनी बोलणारा. गेममधले दहा प्रसंग घ्या. तीस चौकटी होतील. प्रत्येक चौकटीत तो हेर हा प्रसंग कसा सोडवतो ते एका ओळीत लिहा. एखाद्या प्रसंगाच्या तिन्ही चौकटींत तेच वाक्य आलं तर त्यावर फुली मारा. दहापैकी सहापेक्षा जास्त फुल्या आल्या तर मी आरपीजी हे नाव लावत नाही. हे प्रमाण माझं आहे, नियम नव्हे, पण उपयोगी पडतं. तुमच्या वर्णनावरून दहाच्या दहा फुल्या येतील.

मग ३० अपग्रेडच्या जागी चार स्किल ठेवा, वेषांतर, चढाई, भाषा, शस्त्र. प्रत्येक ० ते ५, म्हणजे एकूण २० गुण. सुरुवातीला ४ द्या, संपेपर्यंत आणखी ६. खेळाडूला २० पैकी १० मिळतात, म्हणजे निम्मा हेर त्याला सोडून द्यावाच लागतो. चारपेक्षा जास्त स्किल एकट्या माणसाने घेऊ नयेत, कारण प्रत्येक स्किलला गेममध्ये काम द्यावं लागतं. सहा तासांत प्रत्येक स्किल निदान १२ ठिकाणी उपयोगी पडायला हवं. चारांच्या मिळून ४८ जागा, साधारण साडेसात मिनिटांना एक. १२ पैकी ४ ठिकाणी १ किंवा २ पुरू देत, ५ ठिकाणी ३ लागू देत, उरलेल्या ३ ठिकाणी ४ किंवा ५. फासे नकोत, उंबरठे ठेवा, आणि ‘न्यू व्हेगास’सारखा आकडा दिसू द्या.

कथेची मुख्य वाट एकाच स्किलवर कधीही अडवू नका. सूर्य मावळला, गडाचा दरवाजा बंद झाला. वेषांतर ३ असेल तर गोंधळी म्हणून आत घेतात, चढाई ४ असेल तर कड्यावरून जाता येतं, भाषा ३ असेल तर किल्लेदाराचा निरोप आणलाय असं पहारेकऱ्याला पटतं. यातलं काहीच नसेल तर सकाळपर्यंत थांबता येतं, पण तोवर आतला कैदी दुसरीकडे हलवलेला असतो. म्हणजे वाट प्रत्येकाला मिळते, किंमत मात्र वेगळी पडते, आणि ती किंमत गेमला पुढे आठवावी लागते. एक्सपी मारामारीला देऊ नका, बातमी मिळवण्याला द्या. ‘डेअस एक्स’मध्ये मारण्याचे गुण नव्हते, उद्दिष्टाचे आणि शोधाचे होते, म्हणून लपत जाणाऱ्याचं नुकसान होत नसे. मारल्यावर एक्सपी दिलात तर भाषा येणारा हेरही प्रत्येक पहारेकरी कापत जाईल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

फाटे किती फुटतील ही भीती रास्त आहे. पाच निर्णय प्रत्येकी दोन पर्यायांचे आणि वाटा एकत्र येत नाहीत असं केलं तर ३२ वेगवेगळ्या कथा लिहाव्या लागतात. तसं करू नका. वाट पुन्हा एकत्र आणा आणि नोंद ठेवा. गडावरचा संशय ० ते १० अशा एका आकड्यात, कोणता वेश ओळखला गेला ते एका खुणेत, कोण वाचलं ते दुसऱ्या खुणेत. पुढच्या प्रसंगात त्या खुणेनुसार दोन वाक्यं बदलली तरी खेळाडूला पुरतं. फकिराचं सोंग एकदा उघडं पडलं असेल तर पुढच्या गडावर पहारेकरी प्रत्येक फकिराची झोळी तपासताना दिसला, एवढं पुष्कळ. शेवटाला ‘फॉलआउट’ने केलं ते करा, प्रत्येक गावाचं पुढे काय झालं याचं एकेक चित्र आणि चार ओळी. सहा ठिकाणं, प्रत्येकी तीन शक्यता, एकूण १८ छोटे परिच्छेद. आठवड्याभराचं काम आहे.

राहिला टॅग. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. आरपीजी हा शब्द वाचून आलेला माणूस त्या दोन तासांत आपला हेर दुसऱ्यापेक्षा वेगळा आहे का तेच बघतो. वरचे बदल केलेत तर टॅग बेलाशक लावा, आणि पहिल्या वीस मिनिटांत एक दार असं ठेवा जे त्याच्या हेराला उघडत नाही. शेजारी दुसरी वाट असू दे, पण दारावरचा आकडा त्याला वाचू दे: भाषा ३ हवी, तुझी १.